माणसांच्या बोलण्याचा अभ्यास विद्यापीठात करायचाय. खान्देशातून कुणी या वाटेनं गेलंय का?

गिरणाकाठची:

राम राम मंडळी. मी एरंडोल तालुक्यातली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. पुढे मला माणसांच्या बोलण्याचाच अभ्यास करायचा आहे. माणसं एकमेकांना समजून कशी घेतात, कुठे अडतात, कुणाचा शब्द चालतो आणि कुणाचा हवेत जातो, हे शिकायचंय. घरी विषय काढला की एक तर "मग पत्रकार हो" म्हणतात, नाहीतर "त्याला विद्यापीठ कशाला लागतं, जळगावात स्पोकन इंग्लिशचे क्लास कमी आहेत का?"

उदाहरणच देते. माझी आजी फोनवर बराच वेळ नुसतं "हं... मंग?... अय माय!" एवढंच म्हणत असते. तेवढ्यावर पलीकडची बाई सुनेच्या भांडणापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगून मोकळी होते. माझ्या आईला तीच बाई दोन वाक्यांच्या वर काही सांगत नाही. आजी असं काय करते? दुसरं म्हणजे, गावात पाण्याच्या पाळीवरून बैठक बसली की सगळ्यांत जास्त बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. शेवटी एक आबा चार शब्द बोलतात आणि लोक उठतात. असं का होतं? याचा कुठे रीतसर अभ्यास होतो का? होत असेल तर कुठे शिकवतात आणि शिकून पुढे काय करतात?

वाघूर:

ताई, आपल्याच विद्यापीठात, म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात, जनसंवाद आणि पत्रकारितेचं शिक्षण मिळतं. गिरणेच्या काठावरच आहे, एरंडोलहून रोज जाऊन-येऊन होईल. पुण्यात राहण्या-खाण्याचा खर्च केवढा आहे ते आधी बघ. घरचे म्हणतात तेही काही चूक नाही, पत्रकारितेत बोलणं-ऐकणंच असतं की.

पांझराकाठी:

वाघूरदादा, अभ्यासक्रम चांगला आहे, पण तिचा प्रश्न वेगळा आहे. मी मूळची धुळ्याची, भाषाविज्ञानात एम.ए. केलं आणि आता दवाखान्यातल्या संभाषणावर संशोधन करते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, तुझ्या आजीपासूनच सुरू करू. तू विचारलेला प्रश्न इमॅन्युएल शेग्लॉफ या अभ्यासकानं इंग्रजी हुंकारांबद्दल विचारला होता, त्यावरचा त्याचा लेख १९८२ चा आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. गोष्ट सांगताना मध्ये मध्ये अशा जागा येतात की ऐकणाऱ्याला तिथं बोलायची पाळी घेता येते. "हं" म्हणणारा माणूस ती पाळी सोडून देतो आणि सोडतोय हे समोरच्याला कळवतोही. सांगणारी बाई मग पुढे जाते. म्हणजे गोष्ट दोघी मिळून रचतात. आजीचं "अय माय!" आणखी वेगळं काम करतं, तिथं ती सांगणारीच्या दुःखाची बाजू घेते. तुझी आई बहुधा त्याच जागी सल्ला देत असेल किंवा पुढचा प्रश्न विचारत असेल. मी ऐकलेलं नाही, त्यामुळे हा अंदाजच. पण तपासता येण्याजोगा अंदाज आहे आणि या अभ्यासाचं हेच मला फार आवडतं. ध्वनिमुद्रण करायचं, पुन्हा पुन्हा ऐकायचं, आणि माणूस कुठल्या क्षणी काय करतो ते कागदावर उतरवायचं.

या पद्धतीची सुरुवातही ऐकण्यासारखी आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वी सॅक्स नावाचा तरुण समाजशास्त्रज्ञ लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रात काम करत होता. तिथले फोन मुद्रित होत. केंद्राची अडचण अशी की फोन करणारे नाव सांगत नसत. सॅक्सच्या लक्षात आलं की केंद्रातल्या माणसानं आपलं नाव सांगून सुरुवात केली की समोरचाही बहुधा नाव सांगतो. एका फोनवर मात्र समोरचा म्हणाला, "मला ऐकू येत नाही." केंद्रातल्या माणसानं नाव पुन्हा सांगितलं, ऐकू आलं की नाही यातच दोन-चार वाक्यं गेली आणि नाव सांगायची जागा निघून गेली. नाव विचारलंही गेलं नाही आणि नाकारलंही गेलं नाही! एवढ्याशा निरीक्षणातून पुढे एक अख्खी शाखा उभी राहिली. सॅक्स, शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांचा १९७४ चा लेख बोलण्याच्या पाळ्या लोक कशा वाटून घेतात यावर आहे. तुझ्या गावच्या बैठकीचा प्रश्न तिथूनच धरता येईल. आबा शेवटी बोलतात म्हणून त्यांचं चालतं, की त्यांचं चालतं म्हणून लोक त्यांच्यासाठी शेवटची जागा मोकळी ठेवतात? हे बैठक मुद्रित केल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

बाकीच्या वाटा पटकन सांगते. हॅरॉल्ड लासवेलचं १९४८ चं सूत्र तुला जनसंवादाच्या पहिल्याच आठवड्यात भेटेल. कोण, काय, कुठल्या माध्यमातून, कुणाला, आणि परिणाम काय. त्याच वर्षी क्लॉड शॅनन या अभियंत्यानं टेलिफोनच्या तारांवरून संदेश पोचवण्याचं गणित मांडलं, आणि ते माणसांनाही लावायचा मोह लोकांना पडला. तारेसाठी ते उत्तमच आहे. माणसांना लावताना अडचण अशी की त्यात ऐकणारा पलीकडच्या टोकाला गप्प बसलेला असतो, तुझ्या आजीला त्यात जागाच नाही. आपल्या परंपरेतही नाट्यशास्त्रापासून साधारणीकरण (एकाचा भाव सगळ्यांचा होणं) आणि सहृदय (मनानं समरस होणारा रसिक) यांच्या चर्चेपर्यंत हा विचार ऐकणाऱ्याच्या बाजूनं झालेला आहे. विद्यापीठात तो बहुधा साहित्यशास्त्राच्या पेपरातच अडकून पडतो, याचं मला वाईट वाटतं.

ठिबकवाले_नाना:

पोरी, मी रावेर तालुक्यात कृषी खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमचं अर्धं आयुष्य सांगण्यातच गेलं, म्हणून लिहितो.

ठिबक आणि टिश्यू कल्चरची केळीची रोपं आली तेव्हा आम्ही मेळावे घेतले, तक्ते लावले, माहितीपत्रकं वाटली. लोक यायचे, ऐकायचे, चहा घ्यायचे, घरी जायचे. लावायचं मात्र कुणी नाही. मग एखाद्यानं दोन एकरांवर करून बघितलं की त्याच्या बांधावर मंडळी न बोलावता येत. मी उभा राहून बघितलंय. येणारा आधी घडाच्या फण्या मोजायचा. मग पान उलटं करून करप्याचे ठिपके आहेत का बघायचा. खाली बसून खोडाजवळची माती बोटानं उकरायचा, ओल कुठपर्यंत गेली ते बघायला. एवढं झाल्यावर मालकाला एकच प्रश्न, "पाणी कितीक दिलं?" बस. घरी जाऊन तो बायकोशी आणि भावाशी बोलायचा आणि पुढच्या हंगामात आमच्याकडे अर्ज घेऊन यायचा. मी मेळाव्यात तासभर जे सांगितलं ते त्याला पटलं बांधावर.

पुढे एका प्रशिक्षणात कळलं की याच गोष्टीचा अमेरिकेत आयोवा राज्यात अभ्यास झालेला आहे. रायन आणि ग्रॉस, १९४३. संकरित मक्याचं बियाणं तिथं १९२८ च्या सुमाराला आलं. त्यांनी दोन गावांतल्या २५९ शेतकऱ्यांना विचारलं. १९४१ पर्यंत दोघं सोडून सगळ्यांनी ते बियाणं घेतलेलं होतं. बियाण्याची पहिली बातमी बहुतेकांना कंपनीच्या विक्रेत्याकडून मिळाली, पण घ्यावं असं पटलं ते शेजाऱ्यांमुळे. याच अभ्यासाच्या पायावर पुढे एव्हरेट रॉजर्सनं १९६२ मध्ये नवी गोष्ट समाजात कशी पसरते याची मांडणी केली. मला त्या दिवशी वाटलं, हे नोकरीला लागतानाच कुणी शिकवलं असतं तर शासनाचे किती मेळावे बांधावर घेतले असते!

आपल्याकडेही झालंय बरं का. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालवली. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या ५ जिल्ह्यांत १५० गावं. लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, मग त्यावर चर्चा करायचे आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओच नसलेली गावंही तुलनेला घेतली होती. ज्ञान वाढलं ते मुख्यतः चर्चा करणाऱ्या गावांत. आता व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर शेतकरी बऱ्हाणपूरचे केळीचे भाव आणि रोगांचे फोटो टाकतात, त्याचा असा अभ्यास कुणी तरी करायला हवा. तूच कर.

भुसावळ_जंक्शन:

नाना, फार छान. माझा एक प्रश्न. आमच्याकडे व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात सांगितलं की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. मग शब्दांचा एवढा अभ्यास कशाला करायचा? हे विद्यापीठात शिकवतात का?

पांझराकाठी:

शिकवतात, पण ते चुकीचं कसं वापरलं जातं यासाठी. हे आकडे आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून आलेत. त्यात एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या आवाजात ऐकवला होता, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही एवढंच ओळखायला सांगितलं होतं. शब्द एक सांगतोय आणि चेहरा दुसरंच, अशा वेळी माणूस भावनेबाबत कशावर विश्वास ठेवतो, इतकाच तो प्रश्न. सगळ्या संवादाला हे आकडे लावू नका असं खुद्द मेहराबियननीच सांगितलंय. भुसावळच्या फलाटावरची घोषणा आठवा. गाडी कुठल्या फलाटावर येणार हे नुसत्या हातवाऱ्यांनी कुणी सांगून दाखवावं! पैसे घेऊन हे आकडे शिकवणाऱ्यांची मला चीड येते, कारण आपल्याकडची पोरं त्यावर विश्वास ठेवून मुलाखतीत खांदे कसे ठेवायचे याची काळजी करत बसतात आणि काय बोलायचं याची तयारी राहूनच जाते.

शब्दांशिवायचा संवाद खरोखर बघायचा असेल तर गुरांच्या बाजारातला जुना सौदा बघा. दोन दलाल उपरण्याखाली हात घेतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. तोंडानं भाव कुणी उच्चारत नाही. भोवती माणसं उभी असतात, सौदा चाललाय हे सगळ्यांना दिसतं, आकडा मात्र त्या दोघांतच राहतो. कोण काय जाणू शकेल याची इतकी नेमकी व्यवस्था मी दुसरीकडे पाहिली नाही.

सातपुडा_पायथा:

मी धडगाव भागात आरोग्याचं काम करते. वर दवाखान्याचा उल्लेख आला म्हणून लिहिते. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच आज्या पावरी किंवा भिली या आदिवासी भाषाच बोलतात. डॉक्टर बाहेरचे, मराठी किंवा हिंदी बोलणारे. मध्ये बोलायला सून असते, नाहीतर शाळेत जाणारा नातू. डॉक्टर प्रश्न सुनेला विचारतात, सुनेकडेच बघतात. सून आजीला एका वाक्यात विचारते. आजी बरंच काही सांगते, हातानं पोटापासून पाठीपर्यंत रेघ ओढून दाखवते. सून डॉक्टरांकडे वळून म्हणते, "पोट दुखतं." पाठीपर्यंत गेलेली ती रेघ तिथंच राहते, कारण ती ओढली तेव्हा डॉक्टर केसपेपरावर लिहीत असतात.

आणि काही गोष्टी सून सासूबद्दल बोलूच शकत नाही. लघवीचा त्रास, अंगावरून जाणं, हे नातवाच्या तोंडून कसं यावं? आम्ही आशाताईंना मध्ये बसवतो तेव्हा फरक पडतो, पण हे कुणी आम्हाला शिकवलेलं नाही, ज्याचं त्यानं शोधलंय. यावर अभ्यास असेल तर मला हवा आहे.

पांझराकाठी:

ताई, तुम्ही जे लिहिलंत तेच माझ्या कामाचं क्षेत्र आहे, आणि डॉक्टरांच्या नजरेची तुमची नोंद फार मोलाची आहे. यावर बरंच काम झालंय, बहुतेक परदेशात. बेकमन आणि फ्रँकेल यांचा १९८४ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांनी रुग्ण-डॉक्टरांच्या ७४ भेटी मुद्रित करून तपासल्या. आपली तक्रार शेवटपर्यंत सांगू दिलेले रुग्ण २३ टक्केच होते. डॉक्टर मध्ये बोलले तिथं सरासरी १८ सेकंदांतच बोलले. आणि तिथं दोघांची भाषा एकच होती. तुमच्याकडे तीन माणसं आणि दोन भाषा आहेत.

पावरी-मराठी अशा तिघांच्या भेटीचं बारकाईनं केलेलं काम माझ्या वाचनात नाही. गिरणाकाठची, हे वाचतेयस ना? तुझ्या घरापासून एका दिवसाच्या प्रवासावर असा विषय पडलाय.

जॉन गम्पर्झ या अभ्यासकाचंही सांगते. लंडनच्या विमानतळावरच्या उपाहारगृहात भारतीय-पाकिस्तानी बायका कामाला लागल्या. जेवण घेणाऱ्याला त्या "ग्रेव्ही?" विचारायच्या, पण आवाज शेवटी खाली आणून, जसं आपण सहज विचारू तसं. इंग्रज गिऱ्हाइकांना ते उद्धट वाटायचं, कारण त्यांच्याकडे विचारताना आवाज वर जातो. मुद्रण ऐकवल्यावर दोन्ही बाजूंना उलगडा झाला. पुण्यात वसतिगृहात आमच्या मुलींना "तुम्ही भांडताय का?" असं विचारलं जायचं, तेव्हा मला हा अभ्यास आधार वाटला. अहिराणीची चाल वेगळी आहे आणि ती ऐकणाऱ्याच्या सवयीत बसत नाही, एवढंच असतं ते. मुलगी लाजून बोलणंच बंद करते, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

याच गम्पर्झनं रॉबर्ट विल्सनबरोबर सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास केला, १९७१ मध्ये तो छापला गेला. तिथं मराठी, कानडी आणि उर्दू शेजारी-शेजारी बोलल्या जातात. शतकानुशतकं एकत्र राहून त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आलीय की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द लावून दुसरीत नेता येतं, आणि तरी प्रत्येक जमातीनं घरातली भाषा वेगळी जपलीय. भुसावळ, शहादा, नवापूर इथं असं काम का होऊ नये? ब्रिटिश काळातल्या ग्रिअर्सन या अभ्यासकानं भारतीय भाषांच्या पाहणीत खान्देशीला भिलीबरोबर नवव्या खंडाच्या एका वेगळ्या भागात जागा दिली. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या भाषेखाली (त्यात अहिराणीही येते) मोजलेले लोक साडेअठरा लाखांहून जास्त आहेत. एवढे लोक रोज कसे बोलतात याचे मुद्रित नमुने विद्यापीठाच्या पातळीवर जमवायलाच हवेत.

चोपड्याचे_आप्पा:

सगळं वाचलं, चांगलं वाटलं. पण माझी मुलगीही याच वयाची आहे, म्हणून बापाच्या नात्यानं विचारतो. शिकून पगार कुठून येणार? मुलाकडचे विचारतील ते सोडा, पण मुलीनं स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं.

बोलकी_पाटी:

आप्पा, मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, नाशिकला काम करते. संवादाच्या अभ्यासातली सगळ्यांत सरळ नोकरीची वाट माझी. चार वर्षांची पदवी, त्यात एक वर्ष प्रत्यक्ष काम, आणि मग भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. मुंबईत अली यावर जंग संस्था आहे, म्हैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. पक्षाघातानंतर शब्द हरवलेली माणसं, उशिरा बोलणारी मुलं, तोतरेपणा, हे आमचं काम. पण याला बारावी विज्ञान लागतं. गिरणाकाठचीनं बी.ए. केलंय, तिला ही वाट आता सोपी नाही. तुमची मुलगी विज्ञानाला असेल तर जरूर विचार करा. खान्देशात अशा माणसांची फार गरज आहे. अहिराणी बोलणाऱ्या आजोबांची तपासणी प्रमाण मराठीतल्या चित्रांवर करावी लागते, तेव्हा चूक आजाराची की भाषेची हे कळायला जास्त वेळ जातो.

पांझराकाठी:

आप्पा, बाकीच्या वाटांवर पगार आहे, पण ठरलेला जिना नाही, हे खरं सांगायला हवं. माझ्या ओळखीतले लोक आरोग्य प्रकल्पांत आहेत, स्वयंसेवी संस्थांत आहेत, कृषी विस्तारात आहेत. एक जण मोबाइलवरची बँकेची सेवा खेड्यातल्या लोकांना समजते का हे तपासायचं काम करतो. प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा राज्याची सेट ही पात्रता परीक्षा लागते. नेटमध्ये जनसंवाद व पत्रकारिता हा विषय आहे, भाषाविज्ञानही आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत घरून आधार लागतो, तेवढी तयारी ठेवा.

शिक्षणाचं म्हणाल तर अमेरिकेत मानवी संवाद नावाचा स्वतंत्र विभाग असतो, तसा आपल्याकडे सहसा सापडत नाही. जुळवून घ्यावं लागतं. जनसंवादासाठी जळगाव आहेच. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला पत्रकारितेचा विभाग १९६४ पासून आहे, दिल्लीत भारतीय जनसंचार संस्था १९६५ पासून. बोलण्याच्या बारकाईनं अभ्यासाला पुण्याचं डेक्कन कॉलेज, भाषाविज्ञानासाठी. गिरणाकाठची, तुझे प्रश्न वाचून मी तरी भाषाविज्ञानच सुचवीन. मानसशास्त्र तुला तिथं उपयोगीच पडेल. जनसंवादाचे विषय नंतर स्वतः वाचता येतात. ध्वनी आणि वाक्य कानानं पकडायला मात्र शिकवणारं माणूस समोर लागतं.

गिरणाकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. घरी आप्पांचा प्रश्न आणि पांझराताईंचं उत्तर वाचून दाखवलं. वडील म्हणाले, डेक्कन कॉलेजच्या प्रवेशाची माहिती काढ. आजीलाही विचारलंय. ती म्हणते, "मना आवाज घेवाना शे तं घे, पन तिले बी इचार." म्हणजे पलीकडच्या बाईंनाही विचारायचं. त्या हो म्हणाल्यात. आता मुद्रण केल्यावर लिहायचं कसं? अहिराणी जशीच्या तशी लिहू की शुद्ध मराठीत?

पांझराकाठी:

आजीनं पहिला नियम स्वतःच सांगितला. दोघींची परवानगी हवी, आणि लिहिताना नावं, गावं बदल.

जसं ऐकू येईल तसंच लिही. "मना"चं "माझा" करू नकोस, "शे"चं "आहे" करू नकोस. अर्धवट सुटलेलं वाक्य पूर्ण करू नकोस. दोघी एकदम बोलल्या तर कुठल्या अक्षराला दुसरी सुरू झाली तिथं खूण कर. थांबली तर किती वेळ थांबली ते लिही. हुंकार एकही सोडू नकोस, तुझा विषयच तो आहे. सगळा फोन उतरवत बसू नकोस. सुरुवातीला एका मिनिटाला तासभर सहज जातो, म्हणून जिथं ती बाई मोकळी होते तो दोन मिनिटांचा तुकडा निवड. मग आईचा आणि त्याच बाईचा एक फोन असाच उतरव, आणि दोन्ही कागद शेजारी ठेव. झालं की निरोपातून मला पाठव, आपण ओळीओळीनं बघू.

ठिबकवाले_नाना:

आणि सुट्टीत रावेरला ये, वडिलांना घेऊन. कापणी चालू असताना व्यापारी आणि शेतकरी यांचं भावावरून बोलणं बांधावर ऐकायला मिळेल. दोघांना मी आधी विचारून ठेवतो.